घरचीच बाई

ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. बायकोला नाही, मुलांना नाही. सांगायला बसलो की दुसरंच काहीतरी बोलून उठतो. आताही पाहा ना — लिहायला घेतलं आणि आधी दौत पुसत बसलो.

एका दिवसाची गोष्ट आहे. दिवाळीच्या सुटीतला एक दिवस, नागपूर पाहण्यात घालवलेला. त्यात लपवण्यासारखं काय असणार, असं तुम्हाला वाटेल. मलाही कित्येक वर्षं तसंच वाटावं, अशी माझी धडपड होती.

आमचं गाव तिरोड्यापासून आत, नागझिऱ्याच्या जंगलाला लागून. आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाई म्हणतात. आई गेली तेव्हा मी तीन वर्षांचा होतो. त्याच साली बाईच्या नवऱ्याने दुसरी केली आणि ती माहेरी परत आली. मला तिनेच वाढवलं. बाबा धानाच्या बांध्यांत राबायचे, आणि मी शिकावं हा हट्ट बाईचा. मी मॅट्रिक झालो तेव्हा तिने गावभर गूळ वाटला. मॅट्रिक म्हणजे काय, ते मात्र तिला नीट सांगता येत नव्हतं.

मग मी नागपूरला कॉलेजात गेलो. तिथे एक थाप मारली — आमची मालगुजारी आहे. गाव आमचं, जमीन आमची. खरं तर आम्ही मालगुजाराची जमीन कसणारी माणसं. तरुणपणी अशा थापा कोण मारत नाही? पण थापेला खायला घालावं लागतं, हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

त्या साली भाऊबीजेला बाईने मला ओवाळलं. मी ऐटीत विचारलं, ओवाळणी काय हवी? लुगडं मागेल असं वाटलं होतं.

"मले नागपूर दाखव," ती म्हणाली. "तठी वाघ पिंजऱ्यात रायते म्हन्तेत. आवाज तं जनमभर आयकला. तोंड पाहाचं हाय एकडाव."

आम्ही सगळे हसलो. वाघाच्या शेजारी राहणारी बाई वाघ पाहायला राजधानीला निघाली! पण मी कबूल केलं. ओवाळणीच ती.

दोन दिवसांनी पहाटेच्या गाडीने निघालो. बाईने लाखोळीच्या डाळीचे वडे तळून फडक्यात बांधून घेतले होते. नागपुरात अनवाणी कसं फिरायचं, म्हणून शेजारणीच्या वहाणा मागून आणल्या होत्या. त्या तिला मोठ्या होत्या, चालताना फटफट वाजायच्या. सीताबर्डीचा किल्ला तिने खालूनच पाहिला. मग अजब बंगल्यात, म्हणजे तिथल्या म्युझियममध्ये गेलो. तिथे जुन्या दगडी मूर्ती मांडून ठेवलेल्या. देव आहेत म्हटल्यावर बाईने वहाणा दाराबाहेर काढल्या आणि एकेका मूर्तीला वाकून नमस्कार करत निघाली. एकही सोडली नाही. लोक बघून हसू लागले. आणि मी? मी चार पावलं पुढे चालू लागलो.

"काऊन गा बाबू, येवढा भराभरा कायले चालून राहिला?" ती मागून ओरडली, त्या भरल्या दालनात. माझे कान तापले. बाबू म्हणायची ती मला, लहानपणापासून.

दुपारी महाराजबागेत शिरलो. वाघाचा पिंजरा समोरच्या वळणापलीकडे होता, त्याचा वास यायला लागला होता. बाईने पदर सारखा केला — वाघाला भेटायला जाताना! आणि तेवढ्यात समोरून माझा कॉलेजातला मित्र आला. बरोबर त्याची आई आणि दोन बहिणी. वडील मोठे वकील. मी मालगुजाराचा मुलगा, हे त्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

त्याच्या आईने बाईकडे पाहिलं. ते गुडघ्यापर्यंत खोचलेलं लुगडं, हातभर गोंदण, डोक्यावर फडक्याचं गाठोडं. "ही कोण रे?" त्यांनी मला विचारलं.

मी म्हणालो, "बाई."

खरंच होतं की नाही? बाईच होती ती. पण त्यांच्या घरी बाई म्हणजे भांडी घासणारी, हे मला चांगलं माहीत होतं.

"घरची बाई होय? बरं झालं, सोबतीला आणलीस."

एक श्वासभर वेळ होता. माझी बहीण आहे — किती मोठं वाक्य आहे हो? तेवढं म्हणायचं होतं. मी म्हणालो, "हो, घरचीच."

हाच तो गुन्हा. यातला एकही शब्द खोटा नव्हता, खोटा मी होतो.

बाई तिथेच दोन हातांवर उभी होती. तिने सगळं ऐकलं. माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि मग जे केलं ते मला अजून सोसत नाही. ती माझ्या दोन पावलं मागे जाऊन उभी राहिली.

मित्राच्या आईने बाईला सतरंजी घालायला लावली. बाई बाजूला झाडाखाली बसली. तिला पानावर दोन करंज्या मिळाल्या, त्या तिने मान खाली घालून खाल्ल्या. आमचं खाणं झाल्यावर कुणी न सांगता नळावर जाऊन आमचे पेले धुऊन आणले. वड्यांची गाठ सुटलीच नाही. मग सगळे वाघ पाहायला उठले. सामानाजवळ कुणी बसायचं, असा प्रश्न आला, आणि कुणी माझ्याकडे बघायच्या आत बाई बोलली.

"तुमी जा. मी हाओ अठी सामानापाशी."

ते तुमी मला होतं, आजवर तू म्हणत आलेल्या बाईचं.

मी वाघ पाहिला. पिंजऱ्यात येरझारा घालत होता. मित्राच्या बहिणींनी काहीतरी गंमत केली आणि मी हसलोही. परतलो तेव्हा गाडीची वेळ झाली होती. वळणापलीकडचा तो पिंजरा बाईने पाहिलाच नाही. स्टेशनाकडे जाताना मी म्हणू शकलो असतो, चल, उद्याच्या गाडीने जाऊ. तसं म्हणालो नाही.

गावात आल्यावर बायकांनी तिला गराडा घातला. वाघ पाहिला का? केवढा होता? बाईने हात पसरून सांगितलं — एवढं डोकं, एवढ्या मिशा, माझ्याकडेच टक लावून पाहत होता म्हणाली. मी ओसरीवर बसून ऐकत होतो. माझी थाप झाकायला तिने तिची थाप मारली, आणि तिची माझ्यापेक्षा चांगली वठली.

मी पदवीधर झालो. गोंदियात नोकरी लागली, लग्न झालं, मुलं झाली. मुलांना घेऊन चार वेळा महाराजबागेत गेलो, बाईला एकदाही नेलं नाही. भाऊबीजेला ती दरवर्षी ओवाळायची, मी तबकात लुगडं घालायचो. तबकातल्या दिव्यापलीकडे तिचा चेहरा दिसला की दरवर्षी वाटायचं, आज बोलावं. दरवर्षी फराळ करून घरी यायचो.

बाबू मात्र त्या दिवशी महाराजबागेत राहिला. त्यानंतर तिने मला कधी बाबू म्हटलं नाही, कधी तू म्हटलं नाही. लोकांना वाटायचं, भाऊ साहेब झाला म्हणून बहीण मान देते. माझी बायको तर कौतुकाने सांगायची. खरं कारण आम्हा दोघांनाच ठाऊक होतं, आणि ती त्याबद्दल एक अक्षर बोलली नाही.

गेल्या कार्तिकात ती गेली. मी उशाशी होतो. शुद्ध जात-येत होती. एकदा डोळे उघडून तिने मला ओळखलं. मी वाकलो. बाबू म्हणेल, असं वाटलं मला. साठीला आलेला माणूस मी, एका शब्दासाठी कान देऊन बसलो होतो.

"तुमी जेवले का?" तिने विचारलं.

मी म्हणालो, "हो."