वंदनाताईंचा पासवर्ड

हे आजवर मी कोणापाशी बोललो नाही. बायकोपाशी नाही. माझ्यासाठी स्वतःची शाळा सोडणाऱ्या थोरल्या भावापाशी तर मुळीच नाही. तुम्हाला का सांगतोय? — माहीत नाही. सांगतो.

मी मेडशीचा. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर, तोही कॉम्प्युटर इंजिनिअर. याचा मला अभिमान होता, आजही आहे. रिसोडकडच्या एका कॉलेजची वेबसाइट मी सांभाळायचो. माझ्या दुप्पट वयाची माणसं मला सर म्हणायची. अशा माणसाला ‘माझं चुकलं’ म्हणता येतं का? येत असेल. मला आलं नाही.

प्रवेशाचे दिवस होते. साइट उघडली की ‘सुरक्षित नाही’ असा इशारा यायचा, म्हणून मी सर्टिफिकेट बसवलं, कुलपाचं चिन्ह आणलं. गर्दी झेपावी म्हणून मूळ सर्व्हरच्या पुढे प्रॉक्सी सर्व्हर उभा केला. तो एकदा उघडलेल्या पानाची प्रत जवळ ठेवतो आणि पुढच्याला तीच देतो. नोटीस, वेळापत्रक, अशा पानांना हे चालतं. लॉगिन करून उघडायच्या पानांना चालत नाही. एकाचा फॉर्म दुसऱ्याला दिसेल. ती पानं वगळणारी एक ओळ सेटिंगमध्ये होती. पण सर्टिफिकेट बसवल्यावर साइट नुसती फिरत राहिली, उघडेचना. ते सोडवताना मी एकेक ओळ काढून बघत गेलो. साइट सुरू झाली. ती ओळ परत टाकायची राहिली.

इथपर्यंत चूक आहे — ती कोणाच्याही हातून होते. मला सांगायचंय ते याच्या पुढचं.

वंदनाताई ऑफिसात क्लार्क. शिपाई म्हणून लागल्या, चाळिशीत कॉम्प्युटर शिकल्या आणि प्रवेशाच्या टेबलावर बसल्या. साइट सुरू झाल्यावर चौथ्या दिवशी त्या प्राचार्यांच्या केबिनमध्ये आल्या. मी, हेडक्लार्क, दोन प्राध्यापक — सगळे चहा घेत होतो.

“सर, मी बाहेर पडून पुन्हा लॉगिन केलं, तरी एकाच पोरीचा फॉर्म दिसून राह्यला. पोरायच्या मोबाईलवरबी तोच. आन नोटीस बदलली तरी जुनीच दिसते. दोन्हीचं मूळ एकच असंल का?”

एकच होतं. इतकं नेमकं निदान मी स्वतः केलं नव्हतं. ती गेलेली ओळ मला त्याच क्षणी आठवली. आणि तोंडातून काय निघालं?

“ताई, सर्व्हर म्हणजे काही पाटा-वरवंटा नाही, कोणीबी बसलं अन् वाटलं! पासवर्ड कोणाले देला ते आठवा आधी.”

सगळे हसले. वंदनाताईही हसल्या — कसंनुसं.

फॉर्मवर त्या मुलीचा नंबर होता. तिला अनोळखी पोरांचे फोन यायला लागले. तिचे वडील कॉलेजात येऊन उभे राहिले. कोणीतरी जबाबदार हवं होतं.

मग मी काय केलं — प्राचार्यांसमोर बसून वंदनाताईंचा पासवर्ड बदलला. आणि त्याच बैठकीत, स्क्रीनवरच्या बाजूच्या खिडकीत, ती ओळ परत टाकली, साठलेल्या प्रती पुसल्या. “पाहा आता,” म्हणालो. साइट नीट चालली. प्राचार्यांना काय दिसलं? पासवर्ड बदलला, दुखणं गेलं. माझी दुरुस्तीच वंदनाताईंविरुद्धचा पुरावा झाली. झाली कशाला म्हणतोय? मी केली. विचार करून केली.

त्यांचं टेबल गेलं. जुन्या फायलींच्या खोलीत बसवलं, जिथे कॉम्प्युटर नाही. आजही त्या तिथेच बसतात.

टेबल गेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी त्या भरल्या ऑफिसात माझ्यासमोर आल्या. मला वाटलं, आता भांडतील. भांडायला हव्या होत्या.

“सर, मायाच्यानं तुमाले लय तरास झाला. पासवर्ड मी कागदावर लिहून ड्रॉवरात ठेवला होता. कोनं तरी पाह्यला असंल. मीच भुलली.”

स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं त्यांना आता खोटं वाटत होतं, आणि माझं खरं. कारण मी इंजिनिअर. त्या हात जोडून उभ्या होत्या. सगळं ऑफिस ऐकत होतं. तेव्हा तरी बोलता आलं असतं ना?

“जाऊ द्या ताई,” मी म्हणालो. “होते असं.”

मी त्यांना माफ केलं.