सुमनने जोडलेला लॅपटॉप मी देणार नाही

फोन आला तेव्हा मी दुकानात एका शेतकऱ्याची विहिरीवरची मोटार उघडून बसलो होतो. धुळ्याहून लेकीचा, ज्योतीचा फोन. "नाना, आई गेली," एवढंच बोलली. सुमन तिच्याकडे चार दिवस राहायला म्हणून गेली होती... चहा घेतला, छातीत दुखतंय म्हणाली, आणि संपलं. मी मोटार तशीच उघडी टाकली आणि धुळ्याची गाडी धरली.

आता रडगाणं नको. मला लिहायचंय ते वेगळंच. माझ्या थोरल्या भावाने, आबांनी, पेपरात निधनाची बातमी दिली. त्यात छापलं, 'धार्मिक व मनमिळाऊ स्वभावाच्या.' साफ खोटं. सुमन देवाला हात जोडायची ते घाईत, आणि मनमिळाऊ तर मुळीच नव्हती. जे पटलं नाही ते तोंडावर बोलायची. माझं शिक्षण सातवीपर्यंतचं, पण चाळीसेक वर्षं जिच्यासोबत काढली ती बाई कशी होती हे मलाच ठाऊक. म्हणून लिहितो.

जळगावात आमचं मोटारी भरायचं दुकान. जळालेली मोटार उघडायची, काळी पडलेली तार काढून नवी भरायची. गिऱ्हाईकाशी मी बोलायचो, तार ती भरायची. तिचा बाप पारोळ्याचा, ट्रकवर ड्रायव्हर. रावेरला केळी भरून उत्तरेकडे जायचा. ही लहानपणी हट्टाने शेजारी बसायची, पण त्याने स्टिअरिंगला हात कधी लावू दिला नाही. पोरीची जात म्हणे. ते तिने विसरलं नाही. तीन वर्षांमागे ज्योतीच्या लॅपटॉपवर तिने ट्रक चालवायचा गेम पाहिला आणि तिथून जी बसली ती उठेना. गेममध्ये गाडीत कसला माल असेल तो असो, हिच्या लेखी ती केळीच.

ज्योतीचा लॅपटॉप ऑफिसच्या कामाचा. घाट लागला की चित्र अडकायचं, ट्रक जागेवर उभा. ही चिडायची. ज्योती म्हणाली, "आई, गेमिंगचा तयार लॅपटॉप घेऊन देते." तर ही म्हणते, "तयार नको. जी वस्तू आपल्याला उघडता येत नाही ती आपली नाही." मग ज्योतीने शोधून नुसता सांगाडा मागवला. पडदा, कीबोर्ड, आतला मदरबोर्ड एवढं त्यात. मेमरी, गेम साठवायचा एसएसडी, वायफायचं कार्ड, हे आपण आणून आपण बसवायचं.

दुकानातल्या टेबलावरची तार, वॉर्निश सगळं बाजूला सारून तिने तिथे धुतलेली चादर अंथरली. चष्मा नाकावर. आधी बॅटरीची पिन काढली, मग मेमरीची पट्टी तिरकी धरून खाचेत घातली आणि दाबली. टक् आवाज आला तशी माझ्याकडे बघून हसली. तिथे थांबली असती तर बरं. पण आमचा धंदा नडला. प्रोसेसरवर तांब्याची नळीवाली पट्टी असते, गरमी ओढून घ्यायला. तिच्याखाली पांढरी पेस्ट लावतात. हिने पट्टी उघडून पाहिली आणि म्हणाली, "एवढंसंच ग्रीस? बेअरिंग चार दिवसात खडखडेल." मीही मान डोलावली. आमच्याकडे ग्रीसला हात आखडता घेतला की मोटार परत येते. तिने बोटाने भरपूर पेस्ट थापली, पार बाहेर ओघळेपर्यंत. लॅपटॉप सुरू झाला, ट्रक निघाला, आणि पहिल्याच घाटात तापून बंद पडला.

मी म्हटलं, "दुकानात पाठवू."

"गप बठा तुम्ही," ती म्हणाली. "माले घाट चढाना शे."

ज्योतीला फोन लावला. ज्योती हसून हसून बेजार. "आई, ते ग्रीस नाही गं! पातळ थर लागतो फक्त." मग स्पिरिटने सगळं पुसून काढलं, मसुरीच्या दाण्याएवढा ठिपका ठेवला, पट्टी परत आवळली. ट्रक घाट चढला. वर पोचल्यावर तिने दोन्ही हात कीबोर्डवरून उचलले आणि पदराने डोळे पुसले.

आबांना हे कधी पटलं नाही. एकदा घरी येऊन म्हणाले, "सुमन, देवाचं नाव घ्यायचं वय आणि तू खेळ खेळतेस?" तिने डोक्यावर पदर घेतला, मान खाली घातली, रीत सगळी पाळली, आणि म्हणाली, "देव कोठे पळी जास नही आबा, पन माल खराब व्हई जास." आबा चहा न घेता गेले.

गंधमुक्तीच्या दिवशी, सुतक फिटलं तेव्हा, घर भरलेलं. जेवणं उरकली. आबांनी सगळ्यांदेखत विषय काढला. लॅपटॉप त्यांच्या नातवाला कॉलेजला लागतोय, तुला त्यातलं काय कळतं, शिवाय बाईचा जीव अडकेल अशी वस्तू घरात ठेवू नये. बायकांनी माना डोलावल्या. एक जण तर पिशवी घेऊनच उठला. मी लॅपटॉप उघडला, ज्योतीला गेम लावायला सांगितला आणि विचारलं, "हॉर्न कोणत्या बटणावर?" तिने डोळे मोठे केले, पण दाखवलं. सुतकातून नुकतं उठलेलं घर, भिंतीवर हार घातलेला फोटो, आणि मी आवाज पुरता वाढवून ते बटण दाबून धरलं. अख्ख्या गल्लीत ट्रकचा भोंगा. आबांच्या हातातली सुपारी पडली.

"नाना, वेड लागलं का तुला?"

"लागलं," मी म्हटलं. "धार्मिक आणि मनमिळाऊ बाईचं काय न्यायचं ते न्या. हे सुमनचं आहे. हे इथेच राहील."

पिशवी रिकामी परत गेली. आबा तेव्हापासून बोलत नाहीत. नका बोलू.

दुकान बंद केलं की मी त्या टेबलाशी लॅपटॉप उघडून बसतो. पंखा घोंगावतो, तांब्याची पट्टी आपलं काम करते. मला गाडी चालवता येत नाही. परवा वळणावर ट्रक उलटला, चाकं आभाळाकडे... ती असती तर माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता. मी ज्योतीला विचारून ट्रक सरळ केला आणि पुन्हा घाटाला लावला.