‘हाय’चं ‘आहे’ करताना

छापखान्यात दोन गोष्टी साठत जातात, कागदाची कात्रणं आणि किस्से. कात्रणं रद्दीवाला गोणीत भरून नेतो. किस्से न्यायला कोणी येत नाही, ते आपले डोक्यात कुजत पडतात. म्हणून म्हटलं, मरायच्या आधी जरा झाडून काढावं.

आमचं ऑफिस साखर पेठेत, एका बंद पडलेल्या मागाच्या शेडमध्ये. मालक श्रीनिवास, पण अख्खी पेठ त्याला सीनू म्हणते. बाप चादरी विणायचा, हा पत्रिका आणि पुस्तकं विणतो. कॉम्प्युटरवर रेणुका बसते. मैंदर्गीची, दोन पोरांची आई. घरात कन्नड, ऑफिसात मराठी, आणि मशीन अडकलं की परत कन्नड. प्रूफं वाचायला मी. शिक्षण चौथी. आधी शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचो, आता लोकांच्या वेलांट्या निस्तरतो.

या रेणुकानं मधे कुठून तरी ‘ग्रेप’ नावाचं प्रकरण शिकून आणलं आणि आमच्या ऑफिसची रया गेली.

“द्राक्षं?” मी म्हटलं.

“नाही हो तात्या. फाइंड-रिप्लेसच, पण थोरलं. साध्यात एक शब्द शोधायचा. ह्यात शब्दाचा साचा सांगायचा. समजा, आकडा, त्याच्यापुढं टिंब, त्याच्यापुढं परत आकडा. तसलं जिथं जिथं असेल तिथं ते बदलून टाकतं.”

“म्हणजे पोरगी बघताना सांगतात तसं. उंच पाहिजे, शिकलेली पाहिजे.”

“हां. फक्त हे गावातल्या तसल्या सगळ्याच पोरी आणून उभ्या करतं.”

सीनू म्हणाला, “हे आपलं चादरीवर नक्षी काढायचं जकार्डच की ओ. पुठ्ठ्यात भोक पडलं तिथं दोरा उचलणार. भोक चुकलं तर मोराला दोन शेपट्या.”

तो सहज बोलून गेला. पण पुढं वर्षभर आम्ही शेपट्याच मोजल्या.

•

पहिली शेपटी लग्नाच्या पत्रिकेला फुटली. करमाळ्याकडची पार्टी होती. मजकूर व्हॉट्सॲपवरून आलेला, सगळे फुलस्टॉप पुढच्या शब्दाला चिकटलेले. रेणुकानं ग्रेपला सांगितलं, टिंब दिसलं की त्याच्यापुढं एक जागा सोड. कळ दाबली. ‘चि.’ सुटला, ‘सौ.’ सुटली, सगळं कसं मोकळं झालं.

मुहूर्त होता ११.४२. त्यातलं टिंबही मोकळं झालं. ‘सकाळी ११.’ एका ओळीत राहिले आणि ‘४२ वाजता’ खाली उतरले.

नवरीचा मामा पत्रिका घेऊन दारात. “आमच्या करमाळ्यात चोवीसच वाजत्यात. तुमच्या सोलापुरात बेचाळीस वाजत्यात व्हय?”

सीनूनं मान वर न करता सांगितलं, “मे महिना हाय की ओ मामा. पारा छापलाय.”

मामा हसला म्हणून वाचलो. पत्रिका मात्र परत छापून दिल्या.

•

दुसरी शेपटी इलेक्शनची. एका गावचा उमेदवार पँप्लेट घेऊन आला. टाइप करणाऱ्यानं ठिकठिकाणी एकच शब्द दोनदा मारलेला, ‘आपला आपला’, ‘विकास विकास’. रेणुका म्हणाली, सोपं आहे. ग्रेपला सांगितलं, एकच शब्द लागोपाठ दोनदा दिसला की एक उडव.

आता मराठी माणूस एका शब्दात कधी बोलतो का? ‘घरोघर जाऊन हळू हळू कामे करीन’ होतं, त्यातला एक ‘हळू’ गेला. तो गेला ते बरंच झालं. ‘वेळो वेळी’ वाचलं, कारण ते दोन्हीकडून सारखं नव्हतं. पण सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात होतं, ‘सर्व मतदारांना राम राम.’

छापून आलं, ‘सर्व मतदारांना राम.’

उमेदवार गठ्ठा टेबलावर आपटून म्हणाला, “मी मतं मागाया निघालोय का खांदा द्यायला?”

रेणुकाला ‘राम म्हणणे’ माहीत नव्हतं. मैंदर्गीत मरण्याला दुसरं काहीतरी म्हणतात. मी तिला कानात सांगितलं तर ती तोंडात पदर कोंबून आतल्या खोलीत पळाली. तो इकडं संतापलेला आणि तिकडून हसण्याचा आवाज येतोय.

पुढं तो पडला. आमच्यामुळं नाही. तो तसाही पडलाच असता.

•

आता डायव्हरकाकांची गोष्ट.

भानुदास त्यांचं नाव. बार्शीचे. सगळी उमर एसटीचं स्टिअरिंग धरण्यात गेली, म्हणून आम्ही डायव्हरकाका म्हणायचो. त्यांची बायको कौसाबाई आदल्या साली वारली. या गड्यानं काय करावं? बायकोवर पुस्तक लिहिलं. फुलस्केप कागदावर, जसं बोलतात तसं, सगळं हाय आणि न्हाय.

“वर्षश्राद्धाला पुस्तक हातात पायजे,” म्हणाले. “पाव्हण्यारावळ्यांस्नी वाटायचं हाय. आन एक सांगतो. फोटो लई हायेत तिचे, पर फोटोत ती गप. मोबाइलात आवाज कुणी भरून ठेवला न्हाय. ती कशी बोलायची ते आता ह्या कागदातच हाय. तेवढं सांबाळा.”

सोबत मुलगी होती, वैशाली मॅडम, हायस्कूलात मराठी शिकवतात. काका चहा प्यायला बाहेर गेल्यावर त्या हळूच म्हणाल्या, “जरा शुद्ध करून घ्या. आमच्या स्टाफरूममध्ये हे पुस्तक जाणार. माझ्या सासरी जाणार. लोक आईला हसतील.”

मला ते पटलं नाही आणि मी तसं तोंडावर सांगितलं. मॅडमनी माझ्याकडं, चौथीतल्या पोराकडं बघावं तसं बघितलं. हिशेबानं बरोबरच होतं ते.

सीनू म्हणाला, “शुद्ध तर शुद्ध. रेणुका, कर.”

•

रेणुकानं ‘न्हाय’चं ‘नाही’ केलं, ‘हाय’चं ‘आहे’ केलं, ‘लई’चं ‘फार’ आणि ‘कुटं’चं ‘कुठे’. ‘तुमी हुता’सारखं किरकोळ हातानं नीट केलं, बाकी रिप्लेस ऑल. एका दमात अख्खं पुस्तक पुण्याला जाऊन आलं.

पहिलं प्रूफ मी उघडलं. पहिल्याच पानावर, ‘मुलगी सौ. वैशाली, आहेस्कूल शिक्षिका.’

पुढं काका सोलापूर-पुणे आहेवेवर गाडी चालवत होते. कौसाबाई दुधावरची मफार काढून ठेवत होत्या. भांड्यांना कफार लावायला माणूस येत होता.

“रेणुका,” मी म्हटलं, “ही मफार काय असते?”

तिनं बघितलं आणि कन्नडमध्ये मशीनला काहीतरी बोलली. मला कन्नड येत नाही, पण ते छापण्यासारखं नव्हतं एवढं कळलं.

काका मात्र खूश. येडशीच्या घाटात एकदा ब्रेक फेल झाले होते, तो प्रसंग होता. त्यांनी लिहिलं होतं, ‘घाट उतरल्यावर हायसं वाटलं.’ आता झालं होतं, ‘घाट उतरल्यावर आहेसं वाटलं.’

“हे ऱ्हाऊ द्या,” म्हणाले. “ब्येस हाय. तवा खरंच कळत न्हवतं, मी हाय का न्हाय. खाली आल्यावर वाटलं, आहे.”

रेणुकानं साचा दुरुस्त केला. अलीकडं-पलीकडं दुसरं अक्षर चिकटलेलं नसेल तरच बदल, असं ग्रेपला बजावलं. मलई परत आली, हायवे परत आला. ‘आहेसं’चंही परत हायसं झालं आणि मी ते तसंच राहू दिलं. काका रुसले, पण तो शब्द मराठीत नाही त्याला मी काय करू?

•

दुसरं प्रूफ चोख होतं. मीही खोट काढू शकलो नाही, यावरून समजा. काका खिडकीपाशी बसून वाचायला लागले. दोन-चार पानं उलटली आणि थांबले. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“ही कोण बाई?”

“कुठली, काका?”

“ही. ‘तुम्ही कुठे होता? भाकरी फार गार झाली आहे.’ असलं तर रेडिओवरची बाई बोलती. हिच्या हातची भाकरी म्या खाल्ली न्हाय.”

मॅडम शेजारीच होत्या. “आप्पा, आईच आहे ती. फक्त नीट केलंय.”

“तिला जितेपणी नीट करता आली न्हाय मला. तू मेल्यावर केलीस व्हय?”

रेणुका की-बोर्डवरची नसलेली धूळ पुसत बसली.

“लोक हसतील आप्पा तिला.”

“हसू द्या की. ती तरी दुसरं काय करत हुती? अख्ख्या गल्लीला हसवायची. आन ही रेणुका आमच्यासमोर दिवसभर कानडी बोलती, हिला कुणी शुद्ध करतंय का?”

मॅडमनी ते पान हातात घेऊन वाचलं. मग म्हणाल्या, “बरं. आईचं बोलणं तिचं तिला द्या. बाकीचं, तुम्ही सांगता तो भाग, तो शुद्ध राहू दे. तेवढं तरी माझं ऐका.”

काकांनी मान हलवली. तडजोड झाली. पण जुनी फाइल राहिली कुठं होती? दुसऱ्या प्रुफाच्या वेळी सीनूनं तिच्यावरच नवी सेव्ह केलेली. परत टाइप करायला वेळ नव्हता, वर्षश्राद्ध तोंडावर आलेलं. सगळे माझ्याकडं बघायला लागले, जसं काही ग्रेप मीच आणलं होतं.

•

रेणुका म्हणाली, अवतरणचिन्हांतलं जेवढं आहे तेवढं उलटं फिरवते. ‘आहे’चं परत ‘हाय’. केलं.

मी वाचायला घेतलं तर पुस्तकातलं जो तो तोंड उघडेल तो बार्शीचा. डेपो मॅनेजर हाय-न्हाय करतोय. मुंबईहून आलेला साहेब हाय-न्हाय करतोय. दवाखान्यातला मोठा डॉक्टर काकांना बाजूला घेऊन सांगतोय, “पेशंटची तब्येत लई नाजूक हाय. आता आमच्या हातात काही न्हाय.”

मी ते काकांना वाचून दाखवलं, म्हटलं जरा हसतील.

ते म्हणाले, “असा बोलला असता तर मला कळलं तरी असतं. त्यो विंग्रजीत बोलला. म्या मान हलवली आन चहा आणायला गेलो.”

मी कागद खाली ठेवला.

रेणुकानं डॉक्टरला त्याची भाषा परत दिली. साचा आणखी बारीक केला. आधी ‘कौसा म्हणाली’ असे शब्द पाहिजेत. त्याच्यापुढं अवतरणचिन्ह उघडलं पाहिजे. तिथून ते चिन्ह मिटेपर्यंत जे आहे ते कौसाबाईंचं, तेवढंच बदलायचं. बाकी कोणाला हात लावायचा नाही.

सीनूनं देवाच्या फोटोकडं बघून कळ दाबायला सांगितली. हा माणूस छपाईची प्लेट काढतानासुद्धा उदबत्ती लावतो.

•

शेवटच्या प्रुफाला सगळे हजर. काका खिडकीपाशी, मॅडम त्यांच्या खुर्चीच्या मागं उभ्या, रेणुका मशीनवर, मी लाल पेन घेऊन दुसरी प्रत वाचतोय. पुस्तकं आम्ही बाहेरून छापून घेतो, त्या प्रेसवाल्याला सीनू फोनवर थोपवून धरत होता.

कौसाबाई परत आल्या होत्या. पानोपानी. तुमी कुटं हुता म्हणत होत्या. ‘तुम्ही होता’चं ‘तुमी हुता’ काही ग्रेपला जमलं नव्हतं, ते मॅडमनी स्वतः बसून हातानं केलं होतं. काका वाचता वाचता मधेच खुदकन हसायचे आणि पान आमच्यापासून लपवायचे.

शेवटचं प्रकरण दवाखान्याचं. तिथं मी अडकलो.

कौसा म्हणाली, “मला घरी न्या. हितला चहा लई पानचट हाय.

एवढ्यावर तिचं वाक्य संपतं. पण चिन्ह मिटलेलं नव्हतं. टाइप करताना राहिलं असणार. खालचा सगळा मजकूर काकांचा, शुद्ध केलेला. तो आता असा झाला होता,

‘दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. आता घरात कोणी न्हाय. कुकरची शिट्टी लई मोठी वाटते. तिची चप्पल दारातच हाय. कुटं ठेवावी समजत न्हाय.’

पुस्तक तिथंच संपत होतं.

“रेणुका,” मी म्हटलं, “हे काय झालं?”

तिनं बघितलं. “अय्यो. मिटायचं चिन्हच नाही तात्या. काकूंचं बोलणं कुठं संपलं ते ह्याला कळलंच नाही. ह्याला वाटलं, शेवटपर्यंत त्याच बोलतायत. थांबा, चिन्ह घालते आणि खालचं परत शुद्ध करते.”

“काय झालं?” काकांनी विचारलं.

रेणुकानं त्यांना परत एकदा समजावून सांगितलं, पान त्यांच्या हातात दिलं. त्यांनी वाचलं. मग बोट ठेवून पहिल्यापासून वाचलं, ओठ हलवत.

“खालचं माझं हाय,” काका म्हणाले.

“हो काका, तुमचंच. चुकून त्यांच्याकडं गेलं.”

“चुकून कशाचं. मला तिनं कवा वाक्य पुरं करू दिलंय?”

मी पेनाचं टोपण काढलं होतं. ते चिन्ह घालायला किती वेळ लागतो? दोन बारीक रेघा. मॅडमनी मागून हात पुढं केला, माझ्या हातातलं पेन काढून घेतलं आणि टोपण लावून टेबलावर ठेवलं.

रेणुका कळीवर बोट ठेवून बसली होती. “मग काका, मिटवू का नको?”

काका पानावरून मान वर न काढता म्हणाले, “बोलती हाय न्हवं. बोलू द्या की.”