पूजेतला पाना

झेंडू आणि डिझेल यांचा वास एकत्र आला की मला वीसेक वर्षांपूर्वीची खंडेनवमी आठवते. काशीमीऱ्याच्या गॅरेजमध्ये आमचा जुना ट्रक उघडलेला होता. इंजिनाच्या हेडखालचं, पाणी आणि ऑइल वेगळं ठेवणारं गॅस्केट फाटलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी गाडी निघाली नाही तर गोदामवाला दुसरा ट्रक लावणार होता. बाबांनी नवं गॅस्केट बसवलं, पण बोल्ट किती आवळला त्याचं माप दाखवणारा टॉर्क पाना हळदकुंकू लावून पूजेत मांडलेला होता आणि पूजेतलं हत्यार ते उचलेनात. शेजारच्या गॅरेजातून त्यांनी साधा पाना मागून आणला. मी म्हणालो, “बाबा, हे बोल्ट मापानेच आवळायला हवेत.” “माझ्या हाताला माप कळतं. तू पुस्तकं वाच, मास्तर!” दुसऱ्या दिवशी घोडबंदरच्या चढावर पांढरा धूर निघाला, पाणी ऑइलमध्ये गेलं आणि इंजिन जाम झालं. गोदामाचं काम सुटलं. “गॅस्केटच खराब निघालं असेल, नाही का रे?” बाबांनी विचारलं. मी म्हणालो, “नाही. आवळण्यात चुकलं.” त्यांनी मान हलवली, काळे हात बराच वेळ पुसले, आणि पुन्हा कधी कुठल्या इंजिनाला हात लावला नाही. बाबा या चैत्रात गेले. तेव्हा नुसतं ‘हो’ म्हणायला मला काय जड होतं, ते अजून कळत नाही.