पोकलेनला रोज ग्रीस लागतं

परवा दारापुढं रस्त्याचं काम सुरू झालं आणि ग्रीसचा तो जाड वास थेट माझ्या स्वयंपाकघरात आला. त्या वासाशी माझं जुनं वाकडं.

तेव्हा आटपाडीकडं कालव्याचं काम चालू होतं. आमचे हे तिथं पोकलेन चालवायचे, खोदाईचं ते मोठं मशीन. लग्नाला महिनाही झाला नव्हता. सकाळी मी चहा घेऊन उभी, आणि हे बकेटच्या पिनांना ग्रीसगन लावून बसलेले. जुनं काळं ग्रीस बाहेर पडून नवं दिसेपर्यंत हलायचे नाहीत. मग फडक्यानं एकेक सांधा हळुवार पुसायचे.

"आवं, चहावर साय आली."

"थांब गं. हिला रोज सकाळी लागतंच. चिखलात काम असलं तर दुपारी परत."

"आन मला?"

हसले, पण बघत राहिले तिच्याकडंच. चहा मी मातीत ओतला.

आता माझे गुडघे कुरकुरतात. हे रोज तेल लावतात, तितकंच हळुवार. मला वाटायचं, शेवटी मीच जिंकले.

काल तेल लावताना बाहेर रस्त्यावरच्या पोकलेनचा हात करकरला. यांचा अंगठा थांबला.

"पिन कोरडी हाय तिची," म्हणाले, आणि माझा दुसरा गुडघा तसाच सोडून दाराकडं गेले.