दावणीला मासा

वाशीम जिल्ह्यात समुद्राचे मासे पाळणं हा मुळात मूर्खपणा आहे, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. तरी मालेगावातले झाडून सगळे सांगून गेले. मीठ पुण्याहून कुरिअरने यायचं, पाणी फिल्टरच्या जारमधून, आणि वीज गेली की पंप बॅटरीवर लावायला मी शिकवणं सोडून शाळेतून धावत घरी. एवढ्या उपद्व्यापावर दोन मासे जगत होते. नारिंगी, पांढऱ्या पट्ट्यांचे.

गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या अंगावर रवा सांडल्यासारखे ठिपके आले. दोघंही दगडाला अंग घासू लागले. हा रोग एका परजीवीचा. माशाच्या कातडीत पोसला जातो, गळून वाळूत पडतो, तिथं वाढतो आणि त्याची पिलावळ पुन्हा मासा शोधत निघते. औषध तांब्याचं. ते मोठ्या टाकीत घालता येत नाही, माशांसोबत ठेवलेला झिंगा मरतो. म्हणून मासे वेगळ्या टबात काढायचे, रोज पाण्यातलं तांबं तपासायचं, आणि मोठी टाकी जवळजवळ अडीच महिने माशांविना ठेवायची. मासाच मिळाला नाही की तो परजीवी उपाशी मरतो. औषधापेक्षा पथ्य मोठं.

एक मासा दुसऱ्याच आठवड्यात मेला. दुसरा तगला, ठिपकेही गेले, पण दिवसभर टबातल्या पाइपच्या तुकड्यात तोंड खुपसून बसायचा. त्याला परत त्याच्या दगडांत सोडायचं, एवढी एकच गोष्ट मला हवी होती.

त्या उन्हाळ्याच्या दोन वर्षं आधी बाबा आसेगावची शेती सोडून आमच्याकडे राहायला आले होते. त्यांचे गुडघे गेले होते. बैलजोडी विका म्हणून मीच मागे लागलो आणि विकायला लावली. त्यांची खुर्ची टाकीसमोर असायची, आणि ते रोज तेच विचारायचे.

"कायले ठेवून राह्यला रे हे रिकामं?"

"रिकामं कुठी हाय बाबा? झिंगा हाय ना त्यात."

"झिंगा म्हंजे काय जनावर व्हय?"

मग मी पुन्हा सगळं समजावायचो. वर्गातल्या ढ पोरालाही मी इतक्या वेळा समजावलेलं नाही. ते मान हलवून "समजलं" म्हणायचे आणि मी विश्वास ठेवायचो. नडला तो माझा विश्वासच.

अडीच महिने पुरे व्हायला दहा दिवस उरले होते. बाबा शेजाऱ्यांच्या गाडीतून अकोल्याला डोळे दाखवायला गेले. संध्याकाळी शाळेतून घरी येतो तर टाकीत एक नारिंगी मासा फिरतोय. टबातला नव्हे. नवीन. मी जिथून मासे आणले होते तेच दुकान त्यांनी विचारत विचारत शोधलं होतं, आणि पिशवीतल्या पाण्यासकट मासा टाकीत ओतला होता.

"एक मेला ना तुया," ते म्हणाले. "जोडी लावून देली. दावण रिकामी ठेवू नाई."

मी तो तसाच राहू दिला. म्हटलं, असेल निरोगी. चौथ्या दिवशी त्याच्या शेपटीवर रव्याचे दाणे दिसले आणि माझं डोकं फिरलं. बापाला बोलू नये ते बोललो. दोन महिने मातीत घातले म्हणालो, तुमाले एक साधी गोष्ट समजत नाई म्हणालो, आणि शेवटी ओरडलोच, "थोडे दिवस रिकामी टाकी पाहवली नाई तुमाले?"

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाले, "बैल इकले तवापासून माही दावण रिकामी हाय. दोन वर्सं झाले. मी तुले काई बोललो काय?"

खरं सांगायचं तर राग तरीही गेला नाही. शरम आणि राग दोन्ही एकदमच होते, आणि त्या भरात मी जाळी घेऊन नवा मासा पकडायला लागलो. तो काही सापडेना. अर्ध्या तासाने सापडला. त्याच्यासाठी दुसरा टब मांडला, औषध मोजलं, आणि कॅलेंडरवर पुन्हा पहिल्या दिवसाची खूण केली.

"आता किती दिवस रिकामी?" बाबांनी विचारलं.

"अडीच महिने."

"बरं," ते म्हणाले, आणि खुर्ची भिंतीकडे फिरवून बसले.