वारा न लागलेली धार

मी पोलादाच्या कारखान्यात झाडू मारते. तिथल्या ओतकामावरच्या काकांचं नाव मला माहीत नाही. वितळलेल्या पोलादाच्या उघड्या धारेला हवा लागली की बिलेटांत, म्हणजे ओतून केलेल्या चौकोनी लांब ठोकळ्यांत, बारीक भोकं पडत. तसा माल परत आला, तेव्हा काकांनी नळीतून, सावकाश ओतायचं ठरवलं.

काम लांबतं म्हणून साहेब चिडले, "हाही परत आला तर घरी बसा."

काका म्हणाले, "न्हाऊन आलेल्या बाळाला वारा लागू देतो का आपण?"

थंड झालेलं बिलेट कापून घासलं. काकांनी त्यावरून अंगठा फिरवला आणि मला हाक मारली, "अक्का, तुमी बघा की. भोक हाय का?"

मी वाकून पाहिलं.

"न्हाय!" साहेबांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं मी म्हणाले.